लोखंडी दातांची जकात

आमचे हे आयुष्यभर एका कारखान्याच्या गेटवर टाइमकीपर होते. कोण वेळेवर आलं, कोण धापा टाकत आलं, कोणाची आजी तिसऱ्यांदा वारली, हे सगळं त्यांच्या नजरेखालून जायचं. त्यांनी मान हलवली की माणूस आत, नाही हलवली की बाहेर. मोठमोठे इंजिनिअर तिथं ताटकळलेले मी पाहिलेत. नोकरी संपली, पण गेट काही ह्यांच्या अंगातून गेलं नाही. अजूनही मी न्हाणीघरातून बाहेर आले की ह्यांची नजर आधी घड्याळाकडे जाते, मग माझ्याकडे.

आमच्या घराला रंग द्यायचा होता म्हणून आम्ही आठवडाभर माझ्या धाकट्या दिरांकडे राहायला गेलो. पिशव्या खाली ठेवायच्या आतच ह्यांनी जाहीर केलं की हा नुसता मुक्काम समजू नका, हा कौटुंबिक आठवडा आहे. हल्ली घरात माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, सगळ्यांनी एकत्र बसायला हवं. आठवड्याच्या शेवटी, रविवारी, ह्यांचा वाढदिवस. त्या दिवशी बाहेर जेवण आणि फोटोग्राफर बोलावून सगळ्या कुटुंबाचा एक नीट फोटो. भावजी म्हणाले, "हो दादा." भावजी लिफ्ट दुरुस्त करतात आणि मोठ्या भावाला सगळ्यालाच 'हो दादा' म्हणतात. दिवसभर बंद पडलेल्या दारांशी झटापट केल्यावर घरी आणखी एक दार ढकलायची ताकद राहत नसावी.

माझी धाकटी जाऊ दातांच्या लॅबमध्ये काम करते. दंतवैद्य तोंडाचे साचे पाठवतात, ती त्यावर कवळ्या करून देते. मेणात एकेक दात उभा करायचा, हिरडीची गुलाबी छटा जुळवायची, घासून घासून पॉलिश करायचं. दात फार सरळ रांगेत लावले की ते खोटे दिसतात, म्हणून ती एखादा मुद्दाम किंचित तिरका लावते. ह्यांची वरची कवळी तिच्याच हातची. घरात हे सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही. तेव्हा त्या आठवड्यात ह्यांनी तिला जे जे सुनावलं ते तिनंच बसवलेल्या दातांमधून सुनावलं, एवढी नोंद मी मनातल्या मनात करून ठेवली होती.

धाकटीचा स्वभाव असा की तिला 'नाही' म्हणता येत नाही. फार झालं तर ती 'बघू' म्हणते आणि मग जे नको असतं तेच करून मोकळी होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, सगळ्यांच्या मर्जीचं तिनं केलं, आणि सगळ्यांनी ते तिच्या स्वभावात जमा धरलं. उपकारात कोणी धरलं नाही. मी तरी कुठं धरलं होतं?

तिनं स्वतःसाठी ठेवलेली गोष्ट एकच, ती म्हणजे काजळबेट.

काजळबेट म्हणजे एका काळ्या बेटाच्या गोष्टीची जाडजाड पुस्तकं. त्यात समुद्रातली जनावरं आहेत, आंधळी राणी आहे, बोलणारी गलबतं आहेत. एकेक पुस्तक इतकं जाड की झोपेत छातीवर पडलं तर बरगडी जावी. रोज संध्याकाळी जेवणं झाली की धाकटी त्यातलं एक प्रकरण मोठ्यानं वाचते. भावजी मांडीवर कसलं तरी कुलूप घेऊन स्क्रू पिळत बसतात. पुतणी जमिनीवर उताणी पडून पाय भिंतीवर टाकते आणि आईचा उच्चार चुकला की खालूनच दुरुस्त करते. ह्या पुतणीला घरीदारी सगळे मिरची म्हणतात आणि ते नाव तिनं रोज नव्यानं कमावलेलं आहे.

पहिल्याच संध्याकाळी ह्यांनी ते वाचन बंद पाडलं. लहान मुलांचे खेळ पुरे, आता आपण सगळे बोलू, असं म्हणून ह्यांनी कारखान्यातल्या संपाची हकिगत सुरू केली. आम्ही बोललो असं मात्र म्हणता येणार नाही. ह्यांच्या 'आपण बोलू'मध्ये बोलायचं काम एकाकडेच असतं. संप मिटेपर्यंत भावजींचा डोळा लागला होता. मिरची म्हणाली, "काका, तुमच्या गोष्टीत कोणी मरत का नाही?" दुसऱ्या दिवशी तोच संप पुन्हा झाला.

धाकटीनं पुस्तक मिटलं आणि स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेले. ओट्यावर प्लास्टरचा एक जबडा होता आणि त्यावर ती काळपट राखाडी दात बसवत होती. लांब, टोकदार, आणि त्यातलाही एक किंचित तिरका. मी विचारलं हे कोणत्या गिऱ्हाइकाचं. ती लाजून म्हणाली, "माझंच आहे, वहिनी."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. ह्या पुस्तकांच्या वेड्यांची एक मंडळी आहे. त्यात औषधाचा दुकानदार आहे, एक बस कंडक्टर बाई आहे, एक निवृत्त न्यायाधीश आहेत जे हौसेनं दरवर्षी प्रेत होतात. वर्षातून एकदा ही मंडळी वाचनालयामागच्या मैदानावर काजळबेट उभं करतात आणि दिवसभर तिथं राहतात. धाकटी कित्येक वर्षं तिथं गर्दीत टोपली घेऊन उभी राहायची. यंदा मंडळींनी तिला वेशीवरची केलं होतं.

वेशीवरची म्हणजे बेटाच्या दारातली म्हातारी. तिला चुकवून कोणी आत जाऊ शकत नाही. ती पैसे घेत नाही, तिची जकात म्हणजे एक खरी गोष्ट. तीही अशी, की सांगताना जीभ जरा अडखळावी. खोटं बोललं की तिचे लोखंडी दात झणझणतात आणि माणूस रांगेच्या शेवटी जातो, मग तो राजा का असेना. मैदानावर येणारा प्रत्येक माणूस, पोराटोरांसकट, तिला जकात देऊनच आत जातो. दार भावजींनी केलं होतं, एका जुन्या लिफ्टच्या दाराचं. आतून पायाखालचा खटका दाबल्याशिवाय ते उघडत नाही.

"आणि हे कधी आहे?" मी विचारलं.

"रविवारी," ती म्हणाली. जेवणही रविवारीच होतं. आम्ही दोघी त्या जबड्याकडे बघत उभ्या राहिलो.

मला वाटलं होतं ती 'बघू' म्हणेल आणि टोपलीसुद्धा जाईल. ह्यांनाही तसंच वाटलं असतं. पण मध्ये बुधवार आला.

झालं असं, की न्हाणीघरातल्या फळीवर दोन वाट्या होत्या. एकीत ह्यांची कवळी पाण्यात, दुसरीत धाकटीचे लोखंडी दात. पॉलिशचा वास जावा म्हणून तिनं ते भिजत घातले होते. हे सकाळी चष्मा न लावता आत गेले. त्यांचा हात सवयीनं डाव्या वाटीत गेला, आणि वाट्यांची जागा बदलली होती. दात कुणाच्या मापाचे आणि तोंड कुणाचं. अर्धे आत, अर्धे बाहेर, ओठ वर ताणलेला. मग चष्मा लावून ह्यांनी आरशात पाहिलं. जी किंकाळी आली तशी मी लग्नापासून ऐकली नव्हती. दार उघडून बाहेर आले तर समोर मिरची. तिनं शांतपणे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "काका, राहू द्या. शोभतात."

त्या दिवसापासून ह्यांनी त्या सोंगाचा विषय हातात घेतला तो सोडला नाही. संप मागे पडला. चहा झाला की सोंग, जेवण झालं की सोंग. ह्या वयात बाईमाणसानं सुळे लावून मैदानात उभं राहायचं? तेही मुलगी लग्नाला येईल अशा दिवसांत? मिरची म्हणाली की ती चौदा वर्षांची आहे, लग्नाला यायला वेळ आहे, आणि आली तरी आधी जकात भरावी लागेल. भावजी भिंतीकडे बघत राहिले. धाकटी भाजी चिरत होती. तिची सुरी कुठं थांबली नाही, पण तुकडे बारीक बारीक होत गेले.

शुक्रवारी लॅबमधून ती थकून आली. कोणा म्हाताऱ्याची कवळी परत आली होती, हसलं की शिट्टी वाजायची. ती दुरुस्त करता करता उशीर झाला होता. हे सोफ्यावर तिची वाटच बघत होते, गेटवर बसायचे तसे ताठ. भावजींनी सुचवलेल्या हॉटेलात टेबल ठरलंय, फोटोग्राफरला सांगून झालंय, तेव्हा तिनं आपल्या मंडळींना कळवून टाकावं, असं ह्यांनी सांगितलं. आवाज चढवला नाही. ह्यांना आवाज चढवायची गरज कधी पडतच नसे.

धाकटीनं पर्स खुंटीला लावली.

"नाही," ती म्हणाली.

मला आधी वाटलं ती दुसऱ्या कुणाला बोलली. ह्यांनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी मागे वळून पाहिलं.

"नाही म्हणजे?"

"मी जेवायला येणार नाही, दादा. मी वेशीवर असणार."

"माझा वाढदिवस आहे."

"हो. तो दरवर्षी येतो. देवाच्या दयेनं पुढच्याही वर्षी येईल. मला वेस पहिल्यांदा मिळालीय."

हे म्हणाले, की घरातल्या माणसांपेक्षा तिला पुस्तकातली माणसं जास्त का. तिनं विचार केला. तिचा चेहरा कवळी तपासताना होतो तसा झाला. मग म्हणाली, "घरातली माणसं पण तिथं येऊ शकतात. दार आहे ना." आणि हातपाय धुवायला गेली.

हे माझ्याकडे वळले. मी खिडकीतून समोरच्या इमारतीच्या वाळत घातलेल्या चादरी बघत होते. फार सुंदर चादरी होत्या.

शनिवारी घरात कोणी कोणाशी बोललं नाही, म्हणजे कौटुंबिक आठवडा शिगेला पोचला. धाकटीनं मात्र संध्याकाळी पुस्तक उघडलं आणि राहिलेलं प्रकरण मोठ्यानं वाचलं. परवानगी मागितली नाही. हे वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसले होते. आंधळ्या राणीचं गलबत खडकावर आपटलं तेव्हा वर्तमानपत्राचं पान उलटायचं राहून गेलं, हे मी पाहिलं. तेही मी जमेच्या बाजूला टाकलं.

रविवारी ती सकाळीच निघाली. घोंगडीसारखा करडा झगा, केसांत राख, तोंडात दात. जिन्यात शेजारच्या काकांनी नमस्कार केला. तिनं दात दाखवून हसून उत्तर दिलं. शेजारच्या काकांनी तो जिना पुन्हा चढून घेतला.

आम्ही चौघं हॉटेलात गेलो. हॉटेल आणि वाचनालयाचं मैदान या दोहोंमध्ये एक चौक आणि एक औषधाचं दुकान, एवढंच अंतर. दुकान बंद होतं. दुकानदार समुद्रातलं जनावर होऊन मैदानावर गेला असणार. हे हॉटेल भावजींनीच का सुचवलं ते मला तेव्हा उमगलं. 'हो दादा' म्हणणारा माणूस अगदीच रिकामा नसतो.

टेबलावर ताटं मांडली गेली तशी मिरची म्हणाली, आईला पाणी देऊन येते, लगेच. गेली ती गेलीच. जरा वेळानं ह्यांनी भावजींना तिला आणायला पाठवलं. भावजींचा निरोप आला की दाराचा खटका अडकतोय, तो सोडवल्याशिवाय हलता येत नाही. आता माझ्याकडे पाहिलं गेलं. मी म्हटलं, दोघांनाही कानाला धरून आणते. आणि खरोखर त्याच हेतूनं निघाले होते. चौकापर्यंत तरी.

मैदानाच्या तोंडाशी लांब रांग होती. झगे, शेपट्या, पुठ्ठ्याच्या तलवारी, आणि मधूनमधून माझ्यासारखी साध्या कपड्यांतली माणसं. दारात धाकटी. मी तिला रोज वाकलेलीच बघितली होती, मेणावर, ओट्यावर, पोरीच्या दप्तरावर. सरळ उभी राहिल्यावर ती माझ्यापेक्षा उंच होती. इतक्या वर्षांत मला ते माहीत नव्हतं. प्रत्येकाचा कान जवळ घेऊन ती ऐकायची, क्षणभर थांबायची आणि "खरं" म्हणून खटका दाबायची. एका गुबगुबीत राजाला तिनं माझ्या डोळ्यांदेखत मागे पाठवलं. राजा निमूट गेला.

माझी पाळी आली. मी काय सांगितलं ते इथं लिहीत नाही. जकात भरल्यावर पावती मिरवायची नसते. ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "खरं," आणि दार उघडलं. खटका मुळीच अडकत नव्हता. भावजी दाराआड बसून खारे दाणे खात होते.

टेबलावर एकटा माणूस किती वेळ बसू शकतो? हे आले. इस्त्रीचा शर्ट, हातात काठी नसूनही काठी असल्यासारखी चाल, आणि मागे कॅमेऱ्याची तिपाई सावरत फोटोग्राफर. रांगेकडे न बघता ते सरळ दाराशी गेले. मागून कोणीतरी म्हणालं, "ओ, रांग आहे." ह्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. मी आतून फटीतून बघत होते. भावजींचे दाणे हातातच राहिले.

"चल," हे तिला म्हणाले. "सगळे टेबलावर तुझी वाट बघतायत."

आम्ही तिघंही तिच्या पाठीमागे दाराआड होतो.

धाकटीनं ओठ मागे घेतले. उन्हात ते दात असे काही दिसले की पुढच्या पोरानं आईचा हात धरला. तिनं हात उंचावून रांगेचं टोक दाखवलं.

"खोटं. रांगेच्या शेवटी."

निवृत्त न्यायाधीशांनी, प्रेत असूनही, मान वर करून पाहिलं. मला वाटलं आता हे ओरडतील किंवा तडक घरी जातील आणि पुढची दहा वर्षं हा दिवस आम्हाला ऐकवला जाईल. ह्यांचा चेहरा तांबडा झाला. मग त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. ती कशी उभी आहे ते पाहिलं, पाय खटक्यावर, खांदे चौकटीत, नजर हलत नाही. ती उभं राहण्याची तऱ्हा ह्यांनी आयुष्यभर वापरली होती. गेटवर एकदा नाही म्हटलं की नाही. मालकाचा भाचा असला तरी नाही. हे ज्यानं सगळ्यांना शिकवलं, तो गेटशी वाद घालणार तरी कसा?

ते वळले आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. पुठ्ठ्याच्या तलवारीवाल्या एका मुलीच्या आणि आधीच रांग धरलेल्या फोटोग्राफरच्या मागे.

रांग सावकाश सरकत होती. फोटोग्राफर ह्यांच्या पुढं होता. त्यानं धाकटीच्या कानात सांगायचं ते मोठ्यानंच सांगितलं, कॅमेरा मेहुण्याचा आहे आणि मेहुण्याला माहीत नाही. "खरं." तो आत. मग हे.

ह्यांना हळू बोलता येत नाही. यंत्रांच्या आवाजात बोलायची सवय.

"मला तुझी लाज वाटते," हे म्हणाले.

रांगेतल्या सगळ्यांनी ऐकलं. मिरचीनं माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. भावजी पहिल्यांदा उठून उभे राहिले आणि म्हणाले, "दादा." पुढे 'हो' नव्हतं.

धाकटी तशीच उभी होती. तिनं दात आवळले, म्हणजे खरे दात खोट्या दातांच्या आत. मला वाटलं ती रडेल. खाली घातलेली मान, ओलावलेले डोळे, 'बघू' आणि मग पुन्हा टोपली, हे सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं.

"खरं आहे," ती म्हणाली. "वाटू दे. जकात भरली. आत या, दादा."

आणि खटका दाबला.

हे आत आले. कुठं बघावं ते त्यांना कळेना, म्हणून दाराची बिजागरी बघत राहिले. मग भावजींना म्हणाले, की दार चांगलं बसवलंयस, पण रांगेला कठडा हवा, नाहीतर माणसं मध्ये घुसतात. पुढचा बराच वेळ ते तिथंच, दारापासून दोन हातांवर उभे होते. कोणी मध्ये घुसायला लागलं की नुसतं बघायचे. तो माणूस आपोआप मागे जायचा. धाकटीनं त्यांच्याकडे एकदाही वळून पाहिलं नाही. तिला काम होतं.

फोटो तिथंच काढला, मैदानावर, ऊन कलल्यावर. हॉटेलातलं जेवण गार झालं होतं. ते बांधून आणून आम्ही गवतावर खाल्लं, आणि त्यातलं बरंचसं समुद्रातल्या जनावरानं संपवलं. फोटोसाठी उभं राहताना ह्यांनी एक शेवटचा प्रयत्न केला. म्हणाले, निदान फोटोपुरते ते दात काढून ठेव.

"नाही," ती म्हणाली. ह्या वेळेला कोणी मागे वळून पाहिलं नाही.

तो फोटो आता आमच्या नव्या रंगाच्या भिंतीवर आहे. आम्ही सगळे तोंड मिटून उभे आहोत आणि मध्ये ती, सगळे दात दाखवत. आल्यागेल्याचं लक्ष आधी तिच्याकडेच जातं. ही कोण, असं विचारलं की हे सांगतात, "माझी धाकटी भावजय. ती गेटवर असते." त्यांना तिची लाज अजूनही वाटते, असंही ते बिनदिक्कत सांगतात. मी ते फोनवर धाकटीच्या कानावर घालते. ती हसते आणि विचारते, वहिनी, दादांची कवळी अजून टोचते का, एकदा आणून दाखवायला सांगा.

मी ह्यांना तसं सांगितलं. हे म्हणाले, "बघू."